लीशानच्या पायथ्याचा रस्ता

आठव्या शतकात चीनची राजधानी चांगआन इथून पूर्वेला लीशान डोंगराकडे एक रस्ता जाई. डोंगराच्या पायथ्याला ऊन पाण्याचे झरे होते आणि त्यांच्याभोवती ह्वाछिंग राजवाडा बांधलेला होता. थंडी पडू लागली की सम्राट श्वानत्सोंग आपल्या लाडक्या यांग ग्वेफेईला घेऊन तिथं मुक्कामाला जाई आणि तिच्या माहेरची पाच घरं पाठोपाठ निघत. तांग राजवटीच्या जुन्या इतिहासग्रंथात या लवाजम्याची नोंद आहे. प्रत्येक घराचा ताफा वेगळा, प्रत्येक ताफ्याच्या कपड्यांचा रंग एकच. पाचही ताफे एकत्र झाले की सगळी वाट फुलून आल्यासारखी दिसे. ते पुढं गेले की मागं धुळीत केसांतली आभूषणं, पायांतून निसटलेले जोडे, मोती आणि रत्नं पडलेली असत.

७५५ च्या हिवाळ्यात मध्यरात्री राजधानीतून निघालेला एक ४३ वर्षांचा माणूस पहाटे याच डोंगराखालून गेला. कडाक्याचं दहिवर पडलं होतं. कमरेचा पट्टा तुटला, तो पुन्हा बांधायला बोटं वळेनात. वर राजवाड्यात वाद्यं वाजत होती. या माणसाचं नाव दू फू. आजच्या हिशेबानं शंभरेक किलोमीटरवर असलेल्या फंगशियान गावात त्यानं बायकामुलांना ठेवलं होतं आणि तो त्यांना भेटायला निघाला होता. त्या प्रवासावर त्यानं लिहिलेली कविता बरोबर ५०० अक्षरांची आहे. तिच्या नावातच हा आकडा आहे.

गेली काही वर्षं मी या कवितेकडे पुन्हा पुन्हा जाते आहे. चिनी मला ओघानं वाचता येत नाही. कोश जवळ घेऊन, दोन-तीन भाषांतरं शेजारी उघडी ठेवून एकेक अक्षर लावावं लागतं. एका बैठकीत दहा ओळी झाल्या तरी पुष्कळ. पण या संथपणामुळंच काही गोष्टी दिसल्या, नाहीतर त्या नजरेतून सुटल्या असत्या.

सत्तेला आडून टोमणा मारणाऱ्या कवितेला चिनी परंपरेत जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘फंग’. हे अक्षर दोन भागांचं आहे. डावीकडं वाणीची खूण, उजवीकडं वारा. वरच्यांना खालच्यांचं म्हणणं वाऱ्यासारखं, आडून, कानाशी लागावं, अशी ही कल्पना. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ‘शीजिंग’ या संग्रहातसुद्धा न पेरता, न कापता कोठारं भरणाऱ्यांना प्रश्न विचारणारी गाणी आहेत. म्हणजे दू फूच्या हातात आलेलं हत्यार जुनं होतं. ते त्यानं कसं चालवलं, हे पाहण्यासाठी मला दोन वर्षं मागं जावं लागतं.

तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी चांगआनचे लोक नगराच्या आग्नेय कोपऱ्यातल्या छूच्यांग तळ्याकाठी जमत. हा पाण्याकाठी जाऊन शुद्ध होण्याचा सण, वसंताचा. दू फूची ‘सुंदर स्त्रियांचं गीत’ ही कविता साधारण ७५३ सालची आणि याच दिवसाची आहे. तिथं आलेल्या स्त्रिया म्हणजे यांग ग्वेफेईच्या बहिणी. ७४८ मध्ये सम्राटानं त्यांतल्या तिघींना हान, ग्वो आणि छिन या प्राचीन राज्यांच्या नावानं किताब दिले होते. नट्टापट्ट्यासाठी त्यांना दरसाल सरकारी खजिन्यातून रक्कम मिळे. या घराण्याची घरं बांधण्याची रीत इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. एकेका दालनाला एक कोटीहून जास्त नाणी लागत, आणि दुसऱ्या कोणाचं आपल्याहून देखणं दिसलं की आपलं पाडून पुन्हा नवं बांधायचं. त्यांच्याच भाऊबंदांपैकी यांग ग्वोचुंग ७५२ मध्ये प्रधान झाला होता.

एवढं सगळं माहीत असलेला कवी काय लिहितो? तो फक्त पाहतो. रेशमावर सोन्याच्या तारेचे मोर, चांदीच्या तारेचे काल्पनिक पशू. कानशिलांवर खंड्याच्या पिसांची पानं. कंबरेच्या पट्ट्यावर मोती. मग जेवण. हिरवट झाक असलेल्या भांड्यातून काढलेलं उंटाच्या मदारीचं मांस, स्फटिकाच्या ताटांत पांढरेशुभ्र मासे. गेंड्याच्या शिंगाच्या काड्या हातात आहेत, पण पोटं आधीच भरलेली, काड्या ताटाकडं वळत नाहीत. सुरीला घंट्या लावलेला आचारी बारीक बारीक काप करतो आहे. तेवढ्यात राजवाड्यातले खोजे घोड्यांवरून येतात, इतक्या सफाईनं की धूळसुद्धा उडत नाही, आणि शाही मुदपाकखान्यातले आणखी पदार्थ येतच राहतात.

आमच्याकडं पानात टाकणं हा मोठा दोष समजला जाई. आजी तोंडानं काही बोलत नसे, पानाकडं नुसती बघे. दू फूची ही कविता अशीच नुसती बघते. अठराव्या शतकातला टीकाकार पू छीलोंग म्हणून गेला आहे की या कवितेत टोमण्याचा शब्द एकही नाही, पण वर्णनाचा शब्दन् शब्द टोमणा आहे. त्याचं म्हणणं मला मान्य आहे, फक्त एका अक्षराचा अपवाद करून. आचाऱ्याची सुरी चालते तिथं ‘खोंग’ हे अक्षर येतं. अर्थ रिकामं, व्यर्थ, फुकट. तेवढ्या एका जागी मला कवीचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, आणि तो आचाऱ्याच्या बाजूनं येतो. घंट्यांची सुरी चालवायला जन्मभर हात घडवावा लागला असेल. धूळ न उडवता घोडा दौडवायलाही तेच. एवढं कसब एका अशा ताटासाठी खर्ची पडतं आहे, ज्यातलं कोणी उचलणार नाही.

पुढं कविता आणखी आडून बोलते. वाळुंजाचा कापूस हिमासारखा उडतो आणि पाण्यावरच्या पांढऱ्या शेवाळीवर पडतो. एक निळा पक्षी तांबडा रुमाल चोचीत घेऊन उडून जातो. वसंतातलं साधं दृश्य वाटावं. पण ‘यांग’ या आडनावाचा अर्थच वाळुंजाच्या जातीचं झाड. त्याचा कापूस पाण्यात पडला की त्याचीच ती पाणवनस्पती होते, अशी जुनी समजूत होती. म्हणजे दोन्ही एकाच मुळाची. प्रधान यांग ग्वोचुंग आणि ग्वोची सरदारीण यांच्या संबंधांबद्दल राजधानीत जी कुजबुज होती, ती दू फूनं अशी वाऱ्यावर सोडली. शेवटी तो वाचणाऱ्याला सावध करतो की प्रधानाच्या जवळ जाऊ नका. सत्तेचा ताप हात पोळण्याइतका असल्याचं सांगणारा जो शब्दप्रयोग त्यानं तिथं वापरला, तो चिनी भाषेत आजही वाक्प्रचार म्हणून चालतो.

तांग कवींची आणखी एक रीत या ठिकाणी सांगायला हवी. ते आपल्या काळाबद्दल बोलताना आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या हान राजवटीचं नाव घेत. हान होंग या कवीची चार ओळींची एक कविता आहे. ज्या दिवशी घरोघर चूल पेटवायला बंदी, त्या संध्याकाळी हान राजवाड्यातून मेणबत्त्या निघतात आणि त्यांचा धूर मर्जीतल्या पाच उमरावांच्या घरांत शिरतो. बस, एवढंच. ही कविता पुढं सम्राटालाच इतकी आवडली की त्यानं कवीला बढती दिली, अशी कथा आहे. मी जेव्हा जेव्हा ती वाचते, तेव्हा मला त्या अंधाऱ्या गल्ल्यांतून एकाच दिशेनं जाणारा धूर दिसतो.

दू फूला मोठ्या घराण्यांची आतली बाजू कशी माहीत होती, याचं उत्तर त्यानंच दिलं आहे. चांगआनमध्ये त्यानं जवळजवळ दहा वर्षं काढली. ७४७ मध्ये सम्राटाच्या हुकमानं खास परीक्षा झाली, तिला तो बसला. तेव्हाचा प्रधान ली लिनफू यानं एकूण एक उमेदवार नापास केले आणि सम्राटाला कळवलं की राज्यात आता बाहेर राहिलेला गुणवंत कोणीच नाही. मग दू फू आश्रयासाठी दारं ठोठावू लागला. एका अधिकाऱ्याला उद्देशून लिहिलेल्या कवितेत तो कबूल करतो की पहाटे श्रीमंतांच्या दारी जायचं, संध्याकाळी त्यांच्या धष्टपुष्ट घोड्यांमागच्या धुळीत चालायचं, आणि त्यांच्या पेल्यांतली उरलेली दारू प्यायची आणि थंड झालेलं मांस खायचं. हे त्यानं लपवलं नाही. पुढं ज्या घरांवर लिहिलं, त्या घरांचं उष्टं त्यानं खाल्लेलं होतं.

आता पुन्हा लीशानखालच्या रस्त्यावर. त्या वर्षी त्याला एकदाची नोकरी मिळाली होती. युवराजाच्या रक्षकदलाच्या शस्त्रागाराची व्यवस्था पाहायची, अगदी लहान पद. वरून संगीत ऐकू येतं आणि त्याला दरबारात वाटलं जाणारं रेशीम आठवतं. ते गरीब घरच्या बायकांनी विणलेलं आहे आणि त्यांच्या नवऱ्यांना चाबकानं फोडून गोळा केलेलं आहे, हे तो स्पष्ट लिहितो. आडून बोलणं इथं संपलं. दोन वर्षांपूर्वी उंटाची मदार होती, आता पाहुण्यांना उंटाच्या खुराचं सार वाढलं जातं, दहिवर खाल्लेली संत्री समोर येतात. आणि मग दहा अक्षरं येतात, जी चीनमधल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पाच अक्षरं तांबड्या दरवाजाच्या आत, पाच अक्षरं बाहेरच्या रस्त्यावर. आत दारू आणि मांस, बाहेर थंडीनं मेलेल्यांची हाडं. तांबडा रंगवलेला दरवाजा ही मोठ्या घराण्यांची खूण होती.

त्या पहिल्या पाचांतल्या शेवटच्या अक्षरावर अभ्यासकांचा वाद आहे. आजच्या चिनीत त्याचा अर्थ दुर्गंध. आत एवढं साठलं आहे की ते सडतं आहे, असा. पण जुन्या भाषेत हेच अक्षर नुसत्या गंधालाही वापरत, बऱ्या किंवा वाईट. काहींचं म्हणणं असं की ऐन हिवाळ्यात मांस सडेल कसं, तर तिथं खमंग वासच असणार. इंग्रजीत यातला एक अर्थ निवडावा लागतो. मराठीत निवडावा लागत नाही, कारण आपला ‘वास’ दोन्हीकडं चालतो. स्वयंपाकघरातून वास सुटतो आणि नासलेल्या भाजीलाही वास येतो. मला स्वतःला वाटतं, दू फूला गंधाची एकच गोष्ट महत्त्वाची होती. दरवाजा बंद असला तरी तो बाहेर येतो. जेवण आतच राहतं, वास रस्त्यावर पोचतो, आणि रस्त्यावर उपाशी माणूस असतो.

मला हे इतकं ठामपणे वाटण्याचं कारण माझ्या लहानपणात आहे. आमच्या गावी नात्यातल्या एका लग्नात तीन दिवस पंगती उठत होत्या. मांडवाच्या कनातीपलीकडं काही बायका आणि मुलं सकाळपासून बसून होती. पत्रावळी बाहेर टाकल्या जातील, त्यांची वाट पाहत. एका मुलीच्या मांडीवर तान्हं मूल होतं. बुंदी पाडायचं काम चालू होतं, तुपाचा वास सगळ्या आळीत भरला होता. मी आजीला विचारलं, “ती लोकं आत का येत नाहीत गं?” आजी म्हणाली, “जेव आधी.” मी जेवले. पानात काही टाकलं नाही, एवढंच केलं. मी कनातीच्या आतल्या बाजूला होते, ही गोष्ट मला दू फू वाचेपर्यंत नीट कळली नव्हती.

त्याची कविता त्या दहा अक्षरांवर थांबत नाही, आणि पाठ करणारे पुष्कळदा तिथंच थांबतात याचं मला वाईट वाटतं. तो नदी ओलांडून घरी पोचतो. दारात पाऊल टाकताच आक्रोश कानावर येतो. त्याचा लहानगा मुलगा भुकेनं गेलेला असतो. मुलाचं नाव कवितेत नाही. शेजारीपाजारी रडत आहेत. बाप म्हणून मला लाज वाटते, असं दू फू लिहितो. पिकं नुकतीच निघाली होती आणि तरी आपल्या घरी हे घडलं.

यानंतर तो जे करतो ते मला जगातल्या फार थोड्या कवितांत भेटलं आहे. त्या अंगणात उभा राहून तो स्वतःचा हिशेब मांडतो. दू घराणं अधिकाऱ्यांचं. त्या काळी प्रौढ पुरुषाला दरसाल दोन ‘शी’ (हे एक माप) धान्य, वीस फूट रेशीम आणि वीस दिवसांची वेठ द्यावी लागे. अधिकाऱ्यांच्या घराण्यांना यातलं काही नव्हतं. सैन्यभरतीच्या यादीतही त्यांचं नाव येत नसे. मला जन्मभर माफी आहे, तो म्हणतो, आणि माझी ही गत, तर ज्यांना माफी नाही त्यांची काय असेल? जमिनी गेलेले शेतकरी त्याला आठवतात, दूरच्या सीमेवर खितपत पडलेले शिपाई आठवतात. स्वतःचं मूल जमिनीवर निजवलेलं असताना तो इतरांच्या घरांकडं पाहतो. डोंगरावरच्या मेजवानीवरची त्याची टीका मला या जागेमुळं खरी वाटते. तांबड्या दरवाजावर बोट ठेवताना त्यानं आपणही अर्धवट आत असल्याचं सांगितलं.

याच सुमारास ईशान्येकडं सेनापती आन लूशाननं बंड केलं. पुढच्या वर्षी राजधानी पडली. पळून जाताना मावेई इथं शिपायांनी प्रधान यांग ग्वोचुंगला मारलं, आणि त्यांच्या हट्टापुढं सम्राटाला ग्वेफेईचाही जीव घ्यावा लागला. ग्वोची सरदारीणही त्याच पळापळीत मेली. ही अखेर काहीजण न्याय म्हणून सांगतात. मला तसं सांगता येत नाही. ७५४ च्या खानेसुमारीत ५ कोटी २८ लाख माणसं होती, ७६४ च्या यादीत जेमतेम १ कोटी ६९ लाख. सगळी मेली नव्हती, पुष्कळांची नावं नुसती यादीतून पुसली गेली होती, गावं सोडून ती कुठंतरी गेली होती. त्या मेजवान्यांची किंमत त्यांनी मोजली.

दू फू ७७० मध्ये गेला आणि ७७२ मध्ये कवी बाय जूयी जन्मला. त्यानं ही वाट पुढं चालवली, मुद्दाम, ठरवून. ८०७ मध्ये तो राजधानीजवळच्या एका तालुक्यात नेमणुकीवर होता. गव्हाची कापणी चालली होती. शेताच्या कडेला एक बाई अंगावर मूल घेऊन पडलेल्या ओंब्या वेचताना त्याला दिसली. तिचं सगळं शेत कर भरण्यात गेलं होतं. बाय जूयीनं तिच्यावर कविता लिहिली आणि शेवटी आपला पगार मांडला. वर्षाला ३०० ‘शी’ धान्य, वर्षाअखेर थोडं शिल्लकही राहतं, आणि मी कधी नांगर धरला नाही. ही ओळ लावली त्या रात्री मी पुस्तक मिटून ठेवलं. मीही आयुष्यभर पगारावर जगले. कापणी मी एसटीच्या खिडकीतूनच पाहिली आहे.

त्यानंतर बाय जूयी दरबारात सम्राटाला चुका दाखवून देण्याच्या पदावर आला आणि त्या दोन-तीन वर्षांत त्यानं मोठ्यांच्या उधळपट्टीवर कवितांमागून कविता लिहिल्या. त्यातली फुलबाजाराची मला सर्वांत जवळची. वसंत सरताना सगळं चांगआन पिओनीची फुलं घ्यायला धावे. गर्दीत चुकून आलेला एक म्हातारा शेतकरी मान खाली घालून सुस्कारा सोडतो. त्या सुस्काऱ्याचा अर्थ कोणालाच कळत नाही. गडद रंगाच्या फुलांच्या एका जुडग्याची किंमत म्हणजे दहा मध्यम घरांचा कर, हा हिशेब त्याच्या एकट्याच्या मनात झालेला असतो. दुसऱ्या एका कवितेत सैन्याची सूत्रं हाती असलेले खोजे मेजवानीला जातात, ताटं ओसंडतात, आणि अगदी शेवटी तो एक बातमी देतो. त्या वर्षी यांगत्सेच्या दक्षिणेला दुष्काळ आहे आणि छूचौमध्ये माणसं माणसांना खात आहेत. पुढं एक अक्षरही नाही.

या कविता ऐकून बडी मंडळी एकमेकांकडं पाहत आणि त्यांचे चेहरे उतरत, असं त्यानं ८१५ मध्ये मित्राला पत्रात लिहिलं. ते पत्र त्यानं हद्दपारीच्या ठिकाणाहून लिहिलं होतं. त्या वर्षी प्रधानाचा भर रस्त्यात खून झाला आणि खुन्यांना पकडा म्हणून याचा अर्ज सर्वांत आधी गेला. आपला अधिकार नसताना बोलला, असा ठपका ठेवून त्याला दूर च्यांगचौला पाठवलं. पुढं तशा कविता त्यानं फारशा लिहिल्या नाहीत. लोयांगमध्ये बाग, बांबू, तळं, गाणाऱ्या मुली असं त्याचं म्हातारपण गेलं. ज्यानं फुलबाजाराचा हिशेब मांडला त्यानं शेवटी आपलीही बाग फुलवली, हे मला खुपतं. पण ८४४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यानं लोंगमनजवळच्या नदीतले खडक फोडून घेतले. तिथं हिवाळ्यात नावाड्यांना गार पाण्यात उतरून नाव ओढावी लागे. त्याला त्यांचं ओरडणं ऐकवत नव्हतं.

ज्या मित्राला बाय जूयीनं ते पत्र लिहिलं, त्याचं नाव युआन झेन. ८१० मध्ये प्रवासात तो एका सरकारी धर्मशाळेत उतरला होता. रात्री राजवाड्यातले खोजे आले. मोठं दालन आम्हालाच हवं, यावरून त्यांनी दार फोडलं आणि युआन झेनच्या तोंडावर चाबूक मारला. शिक्षा मात्र त्यालाच झाली. त्याची बदली च्यांगलिंगला झाली. ८१३ मध्ये दू सिये नावाचा एक गरीब माणूस त्याच्याकडं आला. तो दू फूचा नातू. आजोबा गेल्याला ४३ वर्षं झाली होती. त्यांच्या हाडांना घराण्याच्या जागेत नेऊन पुरण्यासाठी त्यानं लोकांपुढं हात पसरून पैसे गोळा केले होते. हाडं घेऊन तो उत्तरेकडं निघाला होता आणि थडग्यावरच्या लेखासाठी थांबला होता. युआन झेननं तो लेख लिहून दिला, आणि दू सिये ती हाडं घेऊन पुन्हा रस्त्याला लागला.